अहो, सोडा

"मी सोडा म्हणाले होते."

"आणि मी सोडलं."

"सोडा म्हणजे सोडा. धुण्याचा. पोत्यातला. तुम्हीच आत्ता आणून दारात आपटलेला."

"मग पोत्यातला म्हणायचं ना. नुसतं 'अहो, सोडा' म्हटल्यावर माणूस हातातलं सोडणार नाही तर काय करणार?"

"नळी पोत्यावर वाहत होती. पोतं भिजत होतं. तेव्हा काय निबंध लिहायला हवा होता मी?"

"एक शब्द जास्त. एकच."

"तुमच्याशी ओळख असती तर 'अरे, सोडा भिजतोय' म्हटलं असतं. ओळख नाही म्हणून अहो म्हणाले. मान दिला, तिथेच चुकलं माझं."

झालं होतं ते असं. तो टेम्पोतून पोती उतरवायला आला होता. सोड्याची, तुरटीची आणि मंजिष्ठेची, म्हणजे ज्या काटकुळ्या मुळांमधून लाल रंग निघतो त्यांची. पोती टाकायची आणि सुटायचं, एवढंच काम. पण शेडमध्ये पाय ठेवला तर आत नुसती वाफ. वाफेत एक मुलगी स्टुलावर चढलेली. हातात लांब बांबू, बांबूवर ओल्या पांढऱ्या लोकरीच्या लडी, आणि बांबूचं दुसरं टोक भिंतीवरच्या हुकात अडकायच्या ऐवजी हळूहळू खाली यायला लागलेलं. त्याने धावत जाऊन ते टोक धरलं. तिने वळून बघितलं. कपाळाला चिकटलेले केस, नाकाच्या शेंड्यावर घामाचा थेंब, आणि डोळे... डोळ्यांकडे नीट बघायला वेळच मिळाला नाही. कारण ते एकदम मोठे झाले, दारात नळीखाली भिजणाऱ्या पोत्याकडे गेले आणि ती ओरडली, "अहो, सोडा."

त्याने सोडलं.

खाली सुताचा हंडा उकळत होता. सूत असतं दणकट. सोड्याच्या पाण्यात रटरट उकळल्याशिवाय त्याच्या अंगातला मेणचटपणा सुटत नाही आणि मग रंग धरत नाही. लोकरीचं तसं नाही. लोकर म्हणजे केस. उकळता सोडा लागला की तिचा खेळ खलास. दोघांनी चिमट्याने लडी बाहेर काढेपर्यंत त्यांचा पिवळट, बुळबुळीत गोळा झाला होता. ओढला की भिजल्या कागदासारखा तुटत होता.

भांडण ऐकून आतल्या खोलीतून आत्या आल्या. एक हात गुडघ्यावर, दुसरा भिंतीवर.

"तू सोडा म्हणालीस?"

"हो."

"आणि तुम्ही सोडलंत?"

"हो," तो म्हणाला.

"मग भांडताय कशाला? दोघांनी एकमेकांचं ऐकलंत. या शेडमध्ये असं पहिल्यांदाच घडलंय."

त्याला हसू आलं. पण आत्यांनी चिमट्यातला गोळा बघितला आणि त्यांचा चेहरा उतरला. त्या तिथेच भिजलेल्या पोत्यावर टेकल्या. "गालिचेवालीची होती का गं ही?"

"हो."

"सगळी?"

मुलीने चिमटा तेवढा बाजूला ठेवला. जपून ठेवला, आणि ते तिने आपटला असता त्यापेक्षा वाईट होतं.

मग त्याच्या हळूहळू लक्षात आलं. गावात गालिचे विणणारी एक बाई होती. मागच्या खेपेला यांनी तिला दिलेला लाल रंग गालिच्याच्या पांढऱ्या काठावर उतरला होता. पुन्हा एकदा करून दाखवा, नाहीतर मी पुडीचा रंग वापरणाऱ्याकडे जाते, असं ती सांगून गेली होती. आत्यांचे गुडघे गेलेले. त्या भाचीला म्हणाल्या होत्या, हा लाल टिकला तर हंडे तुझे, शेड तुझी. उतरला तर शेजारचा गॅरेजवाला कधीपासून जागा मागतोय, त्याला किल्ली देऊन टाकू. आणि तो लाल ज्या लोकरीवर चढायचा होता, ती लोकर आत्ताच सोड्यात शिजली होती.

बाहेर टेम्पोचा भोंगा वाजला. टेम्पोचे मालक त्याचे काका होते, आणि वाट बघणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. "ए वासरा, चल."

"वासरू?" मुलीने रागातही विचारलं.

"वारं प्यालेलं वासरू म्हणतात मला घरी. त्यातलं वारं गळालं, वासरू राहिलं." त्याने मान खाजवली. "लोकर कुठून आणता तुम्ही?"

"वरच्या पठारावर एक मावशी कातते. रोज गाडी नाही तिकडे. तुम्ही राहू द्या आता. खूप मदत केलीत."

"आमचा टेम्पो पठारावरूनच जातो. मी आणतो."

"नको."

"मी विचारत नाहीये," तो म्हणाला. "सांगतोय."

आत्यांनी दोघांकडे बघितलं. "जाऊ दे त्याला, तुरटे. सांडलंय त्याने, पुसू दे त्यालाच."

तर तिचं नाव तुरटी होतं. म्हणजे आत्यांनी पाडलेलं. गढूळ पाण्यात फिरवली तर पाणी निवळतं, पण जिभेला लावली तर तोंड वाकडं होतं, म्हणून.

*

वासराची ख्याती वेगळीच होती. शाळा सोडली. मग गॅरेज सोडलं, छापखाना सोडला, एक चांगलं चालणारं केशकर्तनालय सोडलं, आणि तेही गिऱ्हाइकाची अर्धी दाढी झालेली असताना. काका चारचौघांत सांगायचे, "आमच्या वासराला एकच गोष्ट येते, सोडता." पण त्या दिवशी त्याने पठारावरची मावशी शोधून काढली. तिच्या ओसरीवर बसून राहिला आणि लोकर घेतल्याशिवाय उठला नाही. मावशी म्हणाली, धुतलेली एकही लड नाही, आहे ती मेंढीच्या अंगावरून काढून तशीच कातलेली, तेलकट, घाण. त्याने तीच उचलली. बाकीची कुणा व्यापाऱ्याला द्यायची आहे म्हणाली, तर म्हणाला, देऊ नका एवढ्यात. काय अधिकाराने म्हणाला, त्याचं त्यालाच माहीत.

दुसऱ्या दिवशी टेम्पो शेडच्या दारात आला आणि तिथेच क्लचने मान टाकली. काकांनी बोनेट उघडलं, बंद केलं, वासराकडे बघितलं.

"तू काही केलंस का याला?"

"मी कशाला करू?"

"कारण नेमका इथेच बसलाय." काकांनी दारात उभ्या तुरटीकडे बघितलं आणि मग टेम्पो ढकलायला गॅरेजवाल्याची माणसं बोलावली.

तुरटीने लोकर नाकाशी धरली आणि तोंड फिरवलं. "ही मेंढी मेली नाहीये अजून."

"धुतलेली नव्हती."

"मग धुवा." तिने एक रुंद घंगाळं त्याच्यापुढे सरकवलं. "माझी धुतलेली तुम्ही शिजवलीत. आता ही तुम्ही धुवायची. मी बघणार."

त्याला वाटलं, धुणं म्हणजे काय, घरी आईचे कपडे बडवलेत की आपण. बाह्या वर केल्या, पाणी ओतलं, साबण खळाखळा फेसाळला आणि लडी हातात धरून घुसळायला सुरुवात केली. त्याच्या मनगटावर लाकडी पळी बसली.

"आई गं. काय झालं?"

"ढवळायचं नाही. घासायचं नाही. पिळायचं तर नाहीच. लोकरीला रगडलं की ती एकमेकांत गुंतून बसते. मग तिचा घट्ट थापा, नमदा होतो, धागा राहत नाही." ती शेजारी येऊन बसली. "नुसतं दाबायचं. असं. आणि..."

ती थांबली.

"आणि?" त्याने अगदी साळसूदपणे विचारलं.

"आणि... हात काढून घ्यायचा."

"म्हणजे सोडायचं."

"या शेडमध्ये तो शब्द बंद आहे."

आणि खरंच बंद झाला होता. आत्यासुद्धा सुताच्या हंड्याकडे बोट करून म्हणायच्या, "त्यात 'ते पांढरं' टाकलंस का गं?"

पाणी कोमट लागायचं. गरम झालं तर लोकर आक्रसते, गार झालं तर मेंढीचं तेल सुटत नाही. आणि गरमातून एकदम गारात टाकली तर तिला धक्का बसतो, मग ती कधी सावरत नाही. तुरटी पाण्यात बोट घालायची नाही, मनगटाची आतली बाजू टेकवायची. "बोटं खोटं बोलतात," म्हणायची. "रोज हंड्यात घालून त्यांची कातडी मेलीय." मग त्याचं मनगट धरून पाण्याला टेकवायची. "कसं लागतंय?"

"बरं लागतंय."

"पाण्याचं विचारतेय."

"मीही..." तो गडबडला. "पाण्याचंच सांगतोय."

तिने मनगट ठेवून दिलं. पण लगेच नाही. जरा वेळाने.

पहिलं पाणी चिखलासारखं निघालं. दुसरं चहासारखं. टेम्पो गॅरेजमध्ये होता, काका गॅरेजवाल्याशी भांडत होते, आणि वासरू रोज सकाळी शेडवर हजर व्हायचं. पहिल्या दिवशी त्याने घंगाळ्यापासून दारापर्यंत इतक्या फेऱ्या घातल्या की आत्या म्हणाल्या, "अरे बस. तुझ्याकडे बघून माझे गुडघे दुखायला लागले."

"मग करू काय?"

"काही नाही," तुरटी म्हणाली. "लोकर भिजतेय. आपण बसायचं."

"नुसतं?"

"नुसतं बसणं हेच अर्धं काम आहे. येत नसेल तर जा."

तो बसला. पाय हलवत बसला, पण बसला. बसल्या बसल्या त्याची नजर फिरायची, आणि ती फार तीक्ष्ण होती. सुताच्या हंड्याचा तळ एका बाजूला घासलाय, म्हणजे आत्या पूर्वी डावीकडून ढवळायच्या, हे त्याला कळलं. तुरटी खोटं बोलताना कानामागे केस घेते, हेही कळलं. ते त्याने सांगितलं नाही. कामी येईल, म्हणून ठेवलं.

"तू... म्हणजे तुम्ही शाळा का सोड... का बंद केलीत?" तिने एकदा विचारलं.

"बाकावर बसवेना."

"आणि इथे बसवतंय?"

"इथे बघायला आहे काहीतरी."

"काय?"

तो घंगाळ्याकडे बघत म्हणाला, "मेंढी."

तिने ओल्या हाताचे शिंतोडे त्याच्या तोंडावर उडवले. आत्या आतून खाकरल्या. विनाकारण खाकरल्या, घसा त्यांचा ठणठणीत होता.

*

मग निरोप आला. गालिचेवाली बाई उद्याच येणार होती. तिला बाहेरगावी जायचं होतं, म्हणून आधी. आत्या त्या दिवशी गुडघा दाखवायला दवाखान्यात गेलेल्या. शेडमध्ये ही दोघंच.

तुरटीने निरोप ऐकला आणि तिच्या अंगात एकदम वीज शिरली. तुरटीच्या पाण्याचा हंडा चुलीवर ठेवला, जाळ वाढवला, मंजिष्ठेची भिजलेली मुळं दुसऱ्या हंड्यात लोटली. "आणा त्या लडी. आत्ता तुरटीत घालू, दुपारी रंगात, सकाळपर्यंत वाळतील."

"तुरटीत रात्रभर मुरायला हवी म्हणाला होतात."

"म्हणाले होते. आता नाही म्हणत. आणा."

त्याने बांबूवरून लडी उतरवल्या. हातात घेतल्या आणि तो थांबला. तिनेच शिकवलं होतं त्याला. पाण्याचा थेंब लोकरीवर सोडायचा. लोकरीने तो लगेच पिऊन टाकला तर ती तयार. थेंब मण्यासारखा वर बसून राहिला तर आत तेल आहे. तिथे तुरटी पोचणार नाही, आणि तुरटी पोचली नाही तर रंग नुसता पाहुण्यासारखा वर बसणार. पहिल्या पाण्याला उठून जाणार.

त्याने बोट बुडवलं आणि थेंब टाकला. थेंब बसला. गोल, चकचकीत, हलेना. दुसऱ्या लडीवर टाकला. तोही बसला.

"नाही झाली," तो म्हणाला.

"झालीय. द्या इकडे."

"हे बघा ना. पाणी पीत नाहीये."

"चुलीवर पिईल. गरम पाण्यात सगळं सुटतं." तिने केस कानामागे घेतले.

त्याने ते बघितलं. लडी छातीशी घट्ट धरल्या.

"तुम्हालाच माहितीय ते खोटं आहे."

"कोण शिकवतंय मला? परवापर्यंत घुसळत होतात तुम्ही. उद्या ती बाई येईल, दारात उभी राहील, आणि माझ्या हातात काय असेल? ओली मेंढी? ती परत येणार नाही. कळतंय का? आत्याने सांगितलंय, ही शेवटची वेळ. गॅरेजवाला येऊन जागा मोजून गेलाय." तिने लडीचं दुसरं टोक पकडलं. "सोडा."

"धुण्याचा की खायचा?"

तिचे डोळे असे पेटले की चुलीला लाकूड लागलं नसतं. "चेष्टा नको. सोडा म्हणते ना. सोड. ए, सोड."

सोड. अहो नाही, सोडा नाही. दोघांनाही ऐकू आलं ते. हंडा मागे उकळायला लागला होता, जाळ तडतडत होता, आणि त्या लडी दोघांच्या मध्ये ताणलेल्या, कुणीच ओढत नव्हतं.

"नाही सोडणार," तो म्हणाला. आवाज चढवला नाही त्याने. "एकदा सोडलं, पुरे झालं. मागच्या खेपेला पण असंच झालं होतं ना? घाईत?"

तिची नजर लडींवर गेली. म्हणजे तसंच झालं होतं.

"रंग उतरला तर शेड जाणार. उशीर झाला तर कदाचित जाणार. मला गणित येत नाही, पण कदाचित बरं. नाही का?"

ती त्याच्याकडे बघत राहिली. रागाने बघायला सुरुवात केली होती, पण मध्येच कुठेतरी राग संपला आणि बघणं तेवढं राहिलं. तिने टोक हातातून जाऊ दिलं. चुलीपाशी गेली. जळतं लाकूड बाहेर ओढलं.

"घंगाळं घे," पाठमोरीच म्हणाली. "कोमट पाणी. आणि मनगटाने बघ. बोटाने नको."

घे. बघ. तो घंगाळं घ्यायला गेला तो हसू लपवायलाच.

*

बाई सकाळी आली. उंच, सरळ, चष्मा डोक्यावर. तुरटीच्या हंड्यात लोकर गार होत पडलेली. झाकण उघडून बघितलं तर पांढरीच. वासरू मागे भिंतीला टेकून उभं होतं. बोलायचं नाही, असं तुरटीने बजावून ठेवलं होतं, आणि न बोलणं त्याला धावण्यापेक्षा जड जात होतं.

"तयार नाही," तुरटी म्हणाली. "लोकर पाणी पीत नव्हती. काल पुन्हा धुतली. आज तुरटीत मुरेल, उद्या रंगात जाईल. परवा देते."

"मागच्या वेळी तर वेळेवर दिलं होतंस."

"हो. आणि वेळेवर उतरलं."

आत्यांनी डोळे मिटून घेतले. बाईने चष्मा डोक्यावरून नाकावर आणला, हंड्यात वाकून एक लड काठीने वर उचलली, ओढून बघितली, वास घेतला.

"परवा मी येणार नाही," ती म्हणाली.

भिंतीजवळ काहीतरी खडखडलं. वासराचा हात बादलीला लागला होता.

"परवा तुम्ही माझ्याकडे यायचं. जाणं मी पुढे ढकलते. पण लाल तुझ्यासमोर भिजवणार, पांढऱ्यात दाबून ठेवणार, आणि जे होईल ते तुझ्यासमोरच होईल. चालेल?"

"चालेल," तुरटी म्हणाली. कानामागे केस घेतले नाहीत.

दुसऱ्या दिवशी रंग चढला. मंजिष्ठेचं पाणी तापवायचं ते सावकाश. उकळलं की लाल विटकरी होतो. दोघं आळीपाळीने चुलीपाशी बसली. एकाने लाकूड आत सरकवायचं, दुसऱ्याने बाहेर ओढायचं. लोकर आधी गुलाबी झाली, मग केशरी, मग काय झाली ते त्याला सांगता आलं नाही. तो म्हणाला, "हे... हे असं कसं होतं?" आणि तुरटी म्हणाली, "पाणी प्यायलीय ती आता. तहानलेली होती."

"मी पण," तो म्हणाला.

"माठ तिकडे आहे."

*

गालिचेवालीची खोली मोठी, उजेडाची, माग भिंतीला लावलेला. टेम्पो दुरुस्त झाला होता, आत्या पुढे काकांच्या शेजारी बसून आलेल्या आणि वाटेत दोघांची चांगलीच गट्टी जमलेली. काका म्हणत होते, "क्लच नवा टाकला." आत्या म्हणत होत्या, "गुडघ्याला पण मिळतो का बघा."

बाईने लाल लड पाण्यात बुडवली. वर काढली. पांढऱ्या सुती कापडाच्या दोन घड्यांमध्ये ठेवली, वर फळी, फळीवर वरवंट्याएवढा दगड. आणि कामाला लागली. मागावर बसून विणायलाच लागली, जणू खोलीत कुणी नाही.

तुरटी फळीसमोर उभी होती. हलत नव्हती. तिचे हात कोपरापर्यंत लाल, आणि दोन्ही मुठी आवळलेल्या. वासरू शेजारी येऊन उभं राहिलं. बसणं शिकला होता, तसं उभं राहणंही शिकला होता आता. जरा वेळाने त्याच्या करंगळीला तिची करंगळी लागली. आणि तिथेच राहिली.

"बघू," बाई म्हणाली आणि उठली.

दगड काढला. फळी काढली. घडी उलगडली.

कापड ओलं होतं. पांढरं होतं. बाईने ते खिडकीत नेलं, उजेडात धरलं, उलटं करून धरलं. मग लालवर अंगठा दाबला, जोरात घासला, आणि अंगठा स्वतःच्या पांढऱ्या पदरावर ओढला. आत्यांच्या तोंडून "अहो, पदर" असं निघून गेलं. पदरावर ओल्याचा डाग पडला. नुसता पाण्याचा.

"अख्खा गालिचा याच लालात हवा," बाई म्हणाली. "हीच लोकर. दुसरी मेंढी आणलीस तर मला कळेल."

आत्या खुर्चीवर बसल्या. मग म्हणाल्या, "तुरटे, गॅरेजवाल्याला जाऊन सांग. जागा मोजलीस ते बरं केलंस म्हणावं, आम्हाला अजून एक हंडा कुठे बसतो ते बघायचंच होतं."

तुरटी हसली. आणि हसता हसता एकदम थांबली. "हीच लोकर... पठारावरची?"

"मावशीकडे आहे," वासरू म्हणाला. "पण ती व्यापाऱ्याला देणार आहे. तो उद्या सकाळी येतोय. मी देऊ नका म्हणालो होतो, पण मी कोण?"

"मग?"

"मग काय, जायचं. आत्ता."

काका बाहेर जाऊन टेम्पोत बसलेसुद्धा. तो अंगणात आला, तुरटी त्याच्या मागे. टेम्पोचं दार उघडून तो एक पाय वर ठेवून थांबला. खाली उतरला. पुन्हा वर ठेवला.

"काय?" ती म्हणाली.

"काही नाही. लोकर आणतो."

"आण."

"लोकरीसाठीच जातोय तसा."

"हो, मग?"

"पण लोकर दुसऱ्या टेम्पोनेही आली असती," तो म्हणाला. "मला... बघ, मला नीट बोलता येत नाही. तू मला पाहिजेस. आज लगेच असं नाही. घाई नाही मला. म्हणजे आहे, पण करणार नाही. तू म्हणशील तेवढ्या सावकाश. कोमट."

ती त्याच्याकडे बघत होती. त्या दिवशी वाफेत जे डोळे नीट बघायला मिळाले नव्हते, ते आता समोर होते, आणि ते कुठेही दुसरीकडे जात नव्हते.

"आणि मी गरम झाले तर? मी होते. रोज होते."

"मग बसेन बाजूला. निवेपर्यंत."

"तुला बसता येतं?"

"येतं आता."

दाराच्या कडेवर ठेवलेल्या त्याच्या हातावर तिने आपला लाल हात ठेवला, आणि कामाचं बोलावं तसं म्हणाली, "आत्याला मी सांगते. तुझ्या काकांना तू सांग."

"काय सांगू?"

"काय सांगू म्हणजे? आत्ता मला सांगितलंस ते. वाटेत सांग. पठार लांब आहे."

"ते हसतील."

"हसू देत."

"आणि आत्या?"

"आत्या कधीची खाकरतेय, तुला ऐकू नाही आलं?"

भोंगा वाजला. काकांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "गालिचा तुम्हीच विणून देणार आहात का तिला? व्यापारी पोचेल तिकडे."

"आलो," तो म्हणाला, आणि जागचा हलला नाही. "अजून एक बोलायचं होतं."

"बोल."

"ते... आल्यावर बोलतो. मला निघायला हवं आता. पण तुझा हात अजून माझ्या हातावर आहे, आणि तो शब्द आपल्याकडे बंद आहे."